वारलू तलावात नसल्याबाबत

वारलू तलावात नव्हता. पाद्री शालिकराम यांनी आम्हांला दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला नाही, आणि त्यापायी मिशनच्या कमिटीने त्यांची बदली थेट सिरोंच्याला केली. मेलेल्या चार भाषा येणाऱ्या त्या माणसाला तिथे एक जिवंत तेलुगू शिकावी लागली.

यातलं काहीही झालेलं नाही असं आता धरून चला. पाद्रीसाहेब अजून आलेले नाहीत. तलाव नुकताच मालगुजाराकडून, म्हणजे जुन्या जमीनदाराकडून, सरकारजमा झालेला आहे, आणि वारलूच्या ठावठिकाण्याबद्दल पळसटोल्यात कुणालाही शंका नाही. त्याची बायको गुणाबाई, तिलाही नाही. वारलू गेला तो ख्रिस्ती होऊन गेला, म्हणजे देवाघरी गेला. पत्ता पक्का.

आम्ही ढिवर. चामोर्शीपासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव, गावाला तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या. धान दुसऱ्यांचं, मासे आमचे. आमच्यातली पाच-सात घरं ख्रिस्ती झाली ती बिरजू प्रचारकाच्या हातानं. बिरजूजवळ एक छत्री होती, एक शास्त्राचं पुस्तक होतं आणि आवाज असा होता की त्यानं प्रार्थना सुरू केली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे. माझाही बाप्तिस्मा त्याच्याच हातचा. त्यानं मला तलावात बुडवलं आणि वर प्रार्थना इतकी लांबवली की मी बाहेर आलो तेव्हा मला खरोखरच नवा जन्म मिळाल्यासारखं वाटलं.

वारलूला तलावापर्यंत नेता आलं नाही. तो तापानं खाटेला लागला होता. बिरजूनं घरातच त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि दुसऱ्या दिवशी वारलू गेला. आम्ही त्याला पुरलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माणूस मेला की घरचे पाण्याच्या काठी जातात, त्याचं नाव घेऊन हाक मारतात आणि पाण्यात उतरतात. हाताला जो मासा लागेल त्यात मेलेल्याचा जीव असतो. त्याला घरी आणून पूर्वजांत बसवायचं. मग तो माणूस घरचा होतो, लेकराबाळांवर नजर ठेवतो. कुणी हाक मारलीच नाही तर तो पाण्यातच राहतो, वाट पाहत. वारलूचा धाकटा भाऊ लटारू ख्रिस्ती झाला नव्हता. तो म्हणाला, "वयनी, मी जातो, भाऊले घेऊन येतो." गुणाबाई नाही म्हणाली. बाप्तिस्मा झालेला माणूस मासा होत नाही. लटारूभाऊ धुसफुसला, पण बसला गप.

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. लटारूभाऊ दरसाल जातो आणि त्याच्यासोबत मीही जातो. दर्शन तो घेतो, भजी मी खातो. त्या साली भजी ज्या कागदात मिळाली तो कागद वाचता वाचता मी थांबलो. पाच भाकरी आणि दोन मासे, असा मजकूर होता. पुढचं तेलात बुडालं होतं, त्यामुळे पाच हजार लोक जेवले की नाही ते कळलं नाही.

"का झालं गा?" लटारूभाऊनं विचारलं.

"शास्त्र हाय भाऊ."

"मंग खाऊ नोको."

"शास्त्र नाई खात. भजे खाऊन राह्यलो."

भजीवाला म्हणाला, हे पुस्तक त्या पोपटवाल्यानं इकलं. पोपटवाला नदीच्या उतारावर बसला होता. पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, चोचीनं एक पाकीट ओढायचा, पोपटवाला त्यातलं भविष्य मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि शेवटी पोपट म्हणायचा, "आमेन." गिऱ्हाइकांना तो पोपटाचा खास मंत्र वाटत होता. पोपटवाल्याच्या कपाळभर भस्म होतं, पण आवाजाला भस्म फासता येत नाही. वैनगंगेत एकही बगळा बसलेला नव्हता.

"बिरजू मास्तर?" मी म्हटलं.

बिरजूनं वर पाहिलं. तो पळाला नाही. पोपट पिंजऱ्यात घालायला वेळ लागतो. "पोट हाय ना बाप्पा," तो म्हणाला. "अना याले बी हाय."

"तुमी त मिशनचे प्रचारक ना जी?"

"मिशननं मले तुमच्या गावाले याच्या आंधीच काहाडलं होतं."

"मंग आमाले बाप्तिस्मा काऊन देल्ला?"

"तुमी मांगतला."

यावर उत्तर सुचलं ते पोपटाला. तो म्हणाला, "आमेन."

परत येताना लटारूभाऊ एकदम म्हणाला, "म्हणजे वारलूभाऊ तलावातच हाय."

ही बातमी गुणाबाईला कशी सांगायची याचा आम्ही वाटभर विचार केला आणि घरी पोचताच लटारूभाऊनं ती दारातूनच ओरडून सांगितली. गुणाबाई जाळं सांधत होती. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कोणत्या बाजूले असन?"

त्या दिवसापासून ती रोज तलावाच्या पाळीवर जाऊन उभी राहायची. हाक मारत नव्हती. हाक मारली तर बाप्तिस्मा खोटा होता असं तिनंच कबूल केल्यासारखं झालं असतं. जाणं सोडतही नव्हती, कारण तो खरंच तिथं असला तर इतके दिवस वाट पाहून राहिला होता. जाळ्यात आलेला मासा ती उलटून-पालटून पाहायची, त्याच्या तोंडाकडे बघायची आणि पाण्यात सोडून द्यायची. मग तिनं जाळं टाकणंच बंद केलं. ढिवराच्या बाईनं मासा धरायचा नाही, विकायचा नाही, खायचा नाही म्हटल्यावर घरात उरतं काय? उरलं ते भात आणि आंबील. लटारूभाऊ तिला समजावायचा, "वयनी, तू फकत हाक मार. एकदा. तो आला त घरी आणू, नाई आला त नाई." ती म्हणायची, "अना आला त मी कोण, भाऊजी? ख्रिस्ती का कोण?"

आणि मग पाद्री शालिकराम आले.

पाद्रीसाहेब मूळचे आमच्याच मुलखातले, पण कलकत्त्याकडच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात शिकून आलेले. मिटलेल्या छत्रीसारखे दिसायचे. सोबत एक लोखंडी पेटी होती. ती उतरवायला चार माणसं लागली म्हणून बायांना वाटलं कापडवाला आला. पेटी उघडली तर आत नुसती पुस्तकं. गुणाबाईनं एक उचलून चाळलं आणि परत ठेवलं. म्हणाली, "एकबी फोटू नाई."

त्यांना वरच्या कमिटीनं पाठवलं होतं. बिरजूचं प्रकरण कमिटीच्या कानावर गेलं होतं आणि कमिटीनं ठरवलं होतं की बिरजूचे सगळे बाप्तिस्मे रद्द समजून आम्हां सगळ्यांना नव्यानं बाप्तिस्मा द्यावा. आमची काही हरकत नव्हती. उन्हाळा होता.

रविवारी सकाळी आम्ही पाळीवर रांगेत उभे राहिलो. पाद्रीसाहेब गुडघाभर पाण्यात उतरले. लटारूभाऊ आणि तलावाचं पाणी वाटणारा नथ्थू, हे दोघे ख्रिस्ती नव्हते, तरी मजा बघायला आले होते. रांगेत पहिली गुणाबाई होती. ती पाण्याच्या कडेला थांबली.

"पाद्रीसायब, मले बुडवा. आमाले सगळ्याईले बुडवा. पण त्याले कसे बुडवान?"

"कोणाले बाई?"

"माह्या माणसाले. त्याले बी बिरजूनंच पाणी देल्लं होतं. आमचं खोटं त त्याचं बी खोटं. आमी त इथी उभे हावो, आमाले पुन्ना देता येते. तो कुठी उभा राहीन?"

कमिटीनं मेलेल्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं. दुसरा एखादा पाद्री असता तर म्हणाला असता, बाई, देवावर भरवसा ठेव, आणि तिला पाण्यात दाबलं असतं. शालिकराम पाद्री तसेच पाण्याबाहेर आले, पायजमा पिळला आणि म्हणाले, "मले वाचा लागन."

पाद्र्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं वाक्य.

ते मोहाच्या झाडाखाली पेटी घेऊन बसले आणि वाचत राहिले. मोहफुलं पानांवर पडत होती, ती झटकत होते. शेळीनं एका लॅटिन पुस्तकाचा कोपरा खाल्ला. तो मजकूर त्यांना तोंडपाठ निघाला. माणूस वाचतो कसा ते पाहायला गाव यायचं. लटारूभाऊनं विचारलं, "हा शिकलेला हाय ना? मंग आजून काऊन वाचते?"

पाद्रीसाहेब मान वर न करता म्हणाले, "शिकलो म्हणून एवढं समजते भाऊ, का कुठी पाहाचं."

बाजाराच्या दिवशी त्यांनी आम्हांला बोलावलं. गुणाबाईला समोर बसवलं आणि कोर्टात विचारतात तसं विचारायला लागले.

"बिरजू का म्हणाला, आठवते?"

"नाई आठवाले का झालं? बापाच्या, पुत्राच्या न पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुले बाप्तिस्मा देतो. मंग ठसका आला."

"वारलूभाऊले?"

"बिरजूले. हे शुद्धीवर होते. म्हणाले, हो जी."

पाद्रीसाहेबांचा चेहरा जरा सैल झाला. "अना पाणी?"

गुणाबाई खाली पाहायला लागली. पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "पाणी होतं."

"कुठलं?"

"हंडीतलं. घरात दुसरं नव्हतं जी. त्या हंडीत मरळ मासोळी ठेवली होती."

"जिती?"

"जिती."

लटारूभाऊनं मांडीवर थाप मारली. "घ्या! म्हणजे मरळीचा बी बाप्तिस्मा झाला!"

"मंग तिचं का झालं?" नथ्थूनं काळजीनं विचारलं.

"चामोर्शीच्या बाजारात इकली," गुणाबाई म्हणाली.

चामोर्शीत कुणीतरी ती खाल्ली असणार, आणि त्याला कल्पनाही नसणार.

पाद्रीसाहेब हसले नाहीत. त्यांनी एक पातळसं पुस्तक काढलं. म्हणाले, ख्रिस्ती मंडळ्या नव्या होत्या त्या काळचा हा एक लेख आहे. त्या लोकांनाही पाण्याची अडचण होती. त्यांनी लिहून ठेवलं आहे की वाहतं पाणी असलं तर उत्तम. नसलं तर दुसरं चालेल. थंड नसलं तर कोमट चालेल. बुडवण्याइतकं नसलं तर डोक्यावर ओता, तीनदा. "मरळीले मनाई कुठीच नाई," ते म्हणाले. "मी चारई भाषांत पाह्यलं."

गुणाबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"पाण्याचं झालं," लटारूभाऊ म्हणाला. "पण देणाराच खोटा, त्याचं का?"

"तेच त मी वाचून राह्यलो होतो." पाद्रीसाहेबांनी सगळ्यात जाड पुस्तक मांडीवर घेतलं. सोळाशे वर्षांपूर्वी, ते म्हणाले, आफ्रिकेत असंच झालं. तिथल्या सरकारनं ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला आणि हुकूम काढला की शास्त्राची पुस्तकं आणून द्या. काही पाद्री मेले पण पुस्तकं दिली नाहीत. काहींनी भिऊन दिली.

"भजेवाल्याले?" मी विचारलं.

"जाळाले. पण बिरजूसारखेच समज. मंग छळ थांबला न लोक भांडाले लागले. कोणी म्हणे, पुस्तक देणाऱ्याच्या हातचा बाप्तिस्मा खोटा, पुन्ना घ्या. त्याच्यावर शंभर वर्सं भांडण चाललं. तिथी एक बिशप होता. तो म्हणे, नाई."

"काऊन नाई?"

पाद्रीसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि नथ्थूकडे वळले. "नथ्थूभाऊ, तलावाचं पाणी कोण सोडते?"

"मी सोडतो ना जी."

"कधी पिऊन सोडता का?"

"पाद्रीसायब," नथ्थू दुखावून म्हणाला, "हे समद्याईच्या पुढं इचाराचं काम होतं का?"

"तुमी पिऊन असता तवा पाणी नशेत येते का? बांधीतलं धान झिंगते का?"

"धान कायले झिंगन!"

"काऊन?"

"पाणी का माहं हाय? तलावाचं हाय."

"तेच तो बिशप म्हणे," पाद्रीसाहेब म्हणाले. "बाप्तिस्मा बिरजूचा नोहोता. बिरजू नुसता पाट खोलणारा. पाणी दुसऱ्याचं."

नथ्थू ताठ बसला. आफ्रिकेच्या बिशपानं आपली बाजू घेतली हे त्याला पटायला वेळ लागला नाही. पण लटारूभाऊ असा सुटू देणारा नव्हता. "पाणी तलावाचं, मानलं. पण हा नथ्थू पिऊन असला का आपल्या साळ्याच्याच बांधीत जास्त सोडते. त्याचं का म्हणते तुमचा बिशप?"

"त्याचा हिशेब नथ्थूनं द्याचा. बिरजूचा बिरजू देईन, देवापुढं. पण नथ्थू चुकला म्हणून उगवलेलं धान कोणी उपटून फेकते का भाऊ?"

लटारूभाऊनं मान डोलावली. त्याच्या आयुष्यात हे क्वचितच घडलं होतं.

मी पाद्रीसाहेबांकडे पाहत होतो. मला वाटायचं धर्मशास्त्र म्हणजे देवाबद्दल अवघड बोलायची नोकरी. आणि इथं, ज्याचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही असा तो बिशप, आमचा तलाव नकाशावर नसताना, गुणाबाईच्या अडचणीत आधीच पडून बसलेला होता. तो त्यात पुरता विचार करेपर्यंत राहिला, मग कुणीतरी ते उतरवून घेतलं, कुणी कलकत्त्याला शिकवलं, आणि शालिकराम पाद्र्यानं ते बैलबंडीत घालून, चार माणसांकडून उतरवून, शेळीपासून वाचवून आमच्यापर्यंत आणलं. एवढं ओझं माणूस उगाच वाहत नाही.

"म्हणजे तो कुठी हाय?" गुणाबाईनं विचारलं. बाकीचं तिनं ऐकलं होतं की नाही कोण जाणे.

"ज्याचं पाणी होतं त्याच्यापाशी."

"तलावात नाई?"

"तलावात नाई, बाई."

"अना तुमी आमाले आता पुन्ना बुडवान?"

इथं पाद्रीसाहेब नुसते विद्वान राहिले असते तर त्यांचं काही बिघडलं नसतं. "नाई," ते म्हणाले. "तुमाले पुन्ना बुडवलं त पह्यलं खोटं होतं असं मीच म्हटल्यासारखं होईन. मंग वारलूभाऊले मीच तलावात ढकललं."

"कमिटी?"

"कमिटीले मी हेच सांगीन. चारई भाषांत."

(त्यांनी सांगितलं. कमिटीला पाचवी भाषा येत होती, ती बदलीची.)

गुणाबाई उठली. घरी गेली, खुंटीवरचं जाळं काढलं आणि तलावावर गेली. आम्ही सगळे मागे. ती कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि तिनं जाळं फेकलं, तिचं ते नेहमीचं, गोल, सुपासारखं उघडणारं. ओढलं तर दोन चांगल्या मरळी. ती त्यांच्या तोंडाकडे पाहील असं मला वाटलं होतं. तिनं पाहिलं ते फक्त वजन.

लटारूभाऊ काठावर उकिडवा बसून होता. त्याचाही भाऊ होता वारलू. हे पाद्रीसाहेबांच्या लक्षात आलं, ते त्याच्याशेजारी जाऊन बसले. लटारूभाऊ पाण्याकडे पाहत म्हणाला, "मले त्याले घरी आणाचं होतं. एवढंच."

"ठाऊक हाय भाऊ."

"तुमच्या पुस्तकात मेलेला माणूस घरी येत नाई का?"

पाद्रीसाहेब यावर पुस्तक काढायला गेले नाहीत. म्हणाले, "आमी जेवाले बसतो ना, प्रभूच्या ताटावर, तवा मेलेले बी सोबत बसते असं मानतो. एका पंगतीत. दिसत नाई. पण बसते."

"अना मी त तुमच्यातला नाई. मी कुठी बसू?"

"आज?" पाण्यातून वर येत गुणाबाई म्हणाली. "आज माह्या घरी बसा, भाऊजी. मी रांधीन."

आम्ही जेवलो. पाद्रीसाहेबांना मरळीचे काटे काढता येत नव्हते. चार भाषा आणि एक काटा नाही. गुणाबाई त्यांच्या ताटातला मासा ओढून घ्यायची, काटे वेचायची आणि परत सरकवायची, लेकराला देतात तसं. लटारूभाऊनं आपल्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. नथ्थू त्या जागेवर बसायला गेला तेव्हा लटारूभाऊनं त्याला हातानं अडवलं.

तरी लटारूभाऊची खात्री पुरती झालेली नाही. पाद्री पटला, बिशप पटला, नथ्थूचं उदाहरण तर फारच पटलं. पण तलाव आता देवाचाही नाही आणि मालगुजाराचाही नाही, सरकारचा आहे, आणि सरकारचा शिक्का पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी मेलेल्यावर विश्वास ठेवत नाही, जिवंतावरही नाही. पाद्रीसाहेब सिरोंच्याला गेल्यावर त्यानं मला बसवून पुढचा अर्ज लिहून घेतला, आणि गुणाबाईनं खाली अंगठा दिला.

मेहेरबान तहसीलदार साहेब, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, यांचे सेवेशी अर्ज करण्यात येतो की, मौजे पळसटोला येथील तलाव सरकारजमा झाला असल्याकारणाने सदर तलावात कोण आहे व कोण नाही याची चौकशी करणे सरकारचे अखत्यारीत आहे. करिता योग्य त्या अंमलदाराने समक्ष पाण्यात उतरून, पाहणी करून, मयत वारलू हा सदर तलावात राहत नाही, पूर्वीही राहत नव्हता व त्यास तेथून हाक मारण्याचे कारण नाही, असा दाखला सही-शिक्क्यानिशी त्याचा भाऊ लटारू यास द्यावा. पंच म्हणून आफ्रिका येथील बिशप यांचे नाव सुचवीत आहोत. सदर पंच दीड हजार वर्षांपूर्वी मयत असल्याने त्यांस वयाच्या, रहिवासाच्या व समक्ष हजर राहण्याच्या अटीतून सूट मिळावी, आणि हुकूम पेरणीपूर्वी व्हावा, ही नम्र विनंती.